रोलंड हिल : टपालाचा हिशोब बदलणारे शिक्षक



'वजन' हा घटक शिकवताना आपण साखर, भाजी, धान्य यांची उदाहरणं देतो. टपालाचं उदाहरण मात्र फारसं कोणी देत नाही. पत्राचं वजन बघून तिकीट लावायची पद्धत ज्यांनी रुजवली, ते रोलंड हिल मुळात आपल्यासारखेच शिक्षक होते. चला, त्यांची ओळख करून घेऊया.

बालपण

रोलंड हिल यांचा जन्म ३ डिसेंबर १७९५ रोजी इंग्लंडमधील किडरमिन्स्टर या गावी झाला. वडील थॉमस राइट हिल शाळा चालवत. लहानपणी आजारपणात पडून असताना रोलंड करमणूक म्हणून मोठ्याने आकडे मोजत, तेही लाखांपर्यंत! घरी पैशांची चणचण होती. त्या काळी टपालाचे पैसे पत्र घेणाऱ्याला द्यावे लागत. त्यामुळे पोस्टमन येताना दिसला की आईच्या पोटात गोळा यायचा. टपालाच्या पैशांसाठी जुन्या कपड्यांचं गाठोडं विकायला रोलंड यांनाच जावं लागलं होतं. हे ते कधी विसरले नाहीत.

शिक्षक म्हणून कार्य

वयाच्या बाराव्या वर्षापासून ते वडिलांच्या शाळेत शिकवू लागले. पुढे १८१९ मध्ये बर्मिंगहॅमजवळ हेझलवूड येथे त्यांनी कुटुंबासह नवी शाळा उभारली. तिथे छडी नव्हती. मुलंच नियम करत आणि भांडणाचा निवाडाही मुलांचंच न्यायमंडळ करी. दोनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे बरं का!

टपालाचं कोडं

त्या वेळी टपालाचा दर दोन गोष्टींवर ठरे : अंतर किती आणि कागद किती. एका कागदाऐवजी दोन असले की दर दुप्पट. पाकीटसुद्धा एक कागद धरलं जाई, म्हणून लोक पाकीट न वापरता कागदाचीच घडी करून लाखेने बंद करत. टपालखात्यातले कारकून पत्र दिव्यासमोर धरून आत किती कागद आहेत ते बघत. मग हिशोब, मग नोंद, मग दारोदार वसुली. गरीब माणूस पत्र परत करी. काही जण पत्राच्या बाहेरच खुणा करत, घेणारा त्या बघून निरोप समजून घेई आणि पत्र नाकारी. खासदारांच्या सहीवर पत्रं फुकट जात, त्याचाही गैरवापर होई. म्हणजे ओझं कोणावर, तर सामान्यांवर.

हिल यांनी टपालखात्यात कधी नोकरी केली नव्हती. पण रॉबर्ट वॉलेस या खासदारांनी दिलेले सरकारी अहवालांचे गठ्ठे त्यांनी वाचून काढले आणि एकच प्रश्न धरून ठेवला : खर्च नेमका कुठे होतो?

लंडनहून एडिंबरोला एक पत्र वाहून नेण्याचा खर्च त्यांनी काढला. तो निघाला एका पेनीचा छत्तिसावा भाग! आकारणी मात्र एक शिलिंगहून जास्त. एक शिलिंग म्हणजे १२ पेनी, म्हणजे वाहतुकीच्या खर्चाच्या ४३२ पट. खरा खर्च अंतराचा नव्हताच, तो कागद मोजण्यात, नोंदी ठेवण्यात आणि वसुलीत होत होता.

उपाय

१८३७ मध्ये त्यांनी पुस्तिका काढून योजना मांडली. अंतर कितीही असो, अर्ध्या औंसापर्यंत (सुमारे १४ ग्रॅम) एक पेनी. वजन वाढेल तसा दर वाढेल आणि पैसे पाठवणारा आधीच भरेल. टपालखात्याच्या अधिकाऱ्यांनी विरोध केला, पण व्यापारी आणि सामान्य लोक पाठीशी उभे राहिले. १० जानेवारी १८४० पासून एक पेनीचा दर सुरू झाला. एका औंसाला दोन पेनी, दोन औंसांना चार. ६ मे १८४० पासून 'पेनी ब्लॅक' हे जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट वापरात आलं. आता कागद मोजायचे नाहीत, फक्त तराजू बघायचा!

पत्रांची संख्या एका वर्षात दुपटीहून वाढली. पण नफा खूप घटला आणि तो भरून यायला अनेक वर्षं लागली. १८४२ मध्ये सरकारने हिल यांना पदावरून दूर केलं. ते चार वर्षांनी परत आले, १८५४ मध्ये टपालखात्याचे सचिव झाले आणि १८६४ मध्ये निवृत्त झाले. २७ ऑगस्ट १८७९ रोजी त्यांचं निधन झालं. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांचं दफन झालं.

आपल्याशी नातं

ही पद्धत १ ऑक्टोबर १८५४ पासून भारतातही आली. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशात कुठेही अर्धा आणा! मुंबईहून पुण्याला काय आणि कलकत्त्याला काय, दर एकच. आपल्या साध्या पत्राचा दर आजही वजनावरच ठरतो.

पार्सलमध्ये मात्र आकारही मोजावा लागतो, कारण गाडीत जागा अडते. बऱ्याच कुरिअर सेवा लांबी × रुंदी × उंची (सेंमी) भागिले ५००० करून 'आकारमानाचं वजन' काढतात. समजा, उशी भरलेलं खोकं ५० × ४० × ३० सेंमी आहे. ६०००० ÷ ५००० = १२. खोकं भरतं दोन किलो, पैसे बारा किलोचे! तीच उशी दाबून छोट्या खोक्यात भरली तर किती वाचतील, हे मुलांनाच काढू द्या.

वर्गात एक काटा आणि दोन-तीन रिकामी खोकी एवढं पुरे. पण उदाहरण सोडवून झालं की मुलांना हिल यांचा प्रश्नही जरूर विचारा : खर्च नेमका कुठे होतो? जन्मभर आकडे मोजणाऱ्या एका शिक्षकाने हा प्रश्न सोडला नाही, म्हणून गरिबाच्या घरीही पत्र पोहोचलं.