दोन सह्यांचा सुलतान

बँकेत असताना माझी रत्नागिरीला बदली झाली, तेव्हा पहिल्याच रविवारी मी थिबा राजाचा राजवाडा बघून आलो. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून खाली ओढलं, इथं आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथंच वारला. राजाला मारायचं नाही, समुद्रापलीकडे नेऊन विसरून जायचं, ही साहेबाची जुनी रीत. थिबाच्या आठ वर्षं आधी तीच रीत मलायातल्या एका सुलतानाच्या वाट्याला आली होती. त्याचं नाव अब्दुल्ला, राज्य पेराक. निवृत्तीनंतर मलायाच्या इतिहासाची पुस्तकं चाळताना तो भेटला आणि मनातून जाईना. कारण त्याची सगळी कहाणी कर्ज आणि सही यांच्याभोवती फिरते, आणि माझं सारं आयुष्य त्याच दोन गोष्टींत गेलं.

पेराक म्हणजे चांदी. पण तिथल्या मातीत निघालं ते कथील. आजच्या मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे राज्य. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आल्बुकर्कनं पुढच्याच वर्षी मलाक्का घेतलं. तिथून परागंदा झालेल्या सुलतानाच्या मुलानं १५२८ मध्ये पेराकची गादी स्थापन केली. मलाक्क्याचे कायदे आणि दरबारी मानपानही त्याच्याबरोबर आले. एक मोठी नदी हा राज्याचा कणा. गावं काठावर, रस्ता म्हणजे पाणी. नदीच्या सोयीच्या वळणावर सरदारांचे नाके, आणि जाणाऱ्या प्रत्येक होडीकडून जकात. सुलतानाची मिळकतही अशीच, नदीच्या मुखाशी.

आता यातली खरी गोम सांगतो. आपल्याकडे सावकाराचा डोळा जमिनीवर. पेराकमध्ये जमिनीला तोटा नव्हता. जंगल तोडून जो शेत करील आणि कसत राहील, त्याचं ते. तोटा होता माणसांचा. सरदार मोठा की लहान, हे त्याच्या पदरी किती माणसं यावर ठरे. गांजलेला शेतकरी बायकापोरांसह रात्री होडीत बसून दुसऱ्या सरदाराच्या हद्दीत निघून जाई. त्याला बांधून ठेवायचं साधन एकच, कर्ज. धर्मशास्त्राप्रमाणे मुसलमानाला गुलाम करता येत नाही. पण ऋणको म्हणून ठेवून घ्यायला रूढीची आडकाठी नव्हती. कर्ज फिटेपर्यंत तो, त्याची बायको, मुलं सरदारासाठी राबत. आणि ते राबणं कर्जातून वजा होत नसे! ज्या खात्याला जमेची बाजूच नाही असं खातं मी पहिल्यांदाच पाहिलं. मुद्दल जन्मभर तेवढंच, मग ते मुलांच्या डोक्यावर. अर्थात नाक मुरडायचं कारण नाही. आपल्याकडे वेठबिगारी बंद करणारा कायदा यायला १९७६ साल उजाडलं.

अब्दुल्ला १८४२ चा जन्म. १८७१ मध्ये सुलतान अली वारला तेव्हा तो युवराज होता आणि गादीवर हक्क त्याचाच. पण दफनविधीला नदीच्या वरच्या अंगाला जायचं त्यानं टाळलं. सरदारांनी वाट पाहिली आणि इस्माइल नावाच्या वडीलधाऱ्याला सुलतान करून टाकलं. राजचिन्हं इस्माइलच्या हाती गेली. इकडे लारुतच्या कथिलाच्या खाणींवर चिनी मजुरांच्या दोन टोळ्यांची लढाई पेटलेली, व्यापार बसलेला, पिनांग आणि सिंगापूरचे व्यापारी हवालदिल. अब्दुल्लानं संधी साधली. टान किम चिंग या सिंगापूरच्या बड्या व्यापाऱ्याला त्यानं लारुतच्या कराचा मक्ता कबूल केला, बदल्यात गव्हर्नरकडे शब्द टाकून घेतला. म्हणजे गादी हाती येण्याआधीच त्यानं तिचं उत्पन्न गहाण टाकलं.

२० जानेवारी १८७४ रोजी पांगकोर बेटाजवळ गव्हर्नर अँड्र्यू क्लार्कसमोर करार झाला. अब्दुल्लाला सुलतान मानण्यात आलं. त्यानं एक इंग्रज रेसिडेंट ठेवून घ्यायचा, आणि मलायी धर्म व रूढी सोडून सर्व बाबतींत त्याचा सल्ला घ्यायचा व तो पाळायचा. महसूलही त्याच्याच सल्ल्यानं. पुण्याच्या संगमावर बसलेला एल्फिन्स्टन आठवला की सल्ला या शब्दाचं वजन कळतं. करार दोन भाषांत होता आणि दोन्हींचा अर्थ तंतोतंत जुळत नव्हता. अब्दुल्ला फसला, असं पुष्कळजण म्हणतात. मला वाटतं, त्यानं त्यात आपलं नाव तेवढं वाचलं.

मी स्वतः कितीतरी सह्या घेतल्या आहेत. मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहणाऱ्या एका शेतकऱ्याला मी कागदावर बोट ठेवून इथं सही करा, एवढंच म्हटलं होतं. कर्ज थकलं तेव्हा तो माझ्या टेबलासमोर येऊन बसला. काही बोलला नाही. पांगकोरचा करार वाचताना तो मला दिसत होता.

पहिला रेसिडेंट जेम्स बर्च १८७४ च्या अखेरीस आला. सिलोनात नोकरी केलेला, कामाचा झपाटा मोठा, मलायी भाषा बेताची, जीभ तिखट. त्यानं सरदारांचे नाके मोडीत काढायला घेतले. सगळी जकात सरकारी तिजोरीत, सरदारांना ठरावीक नेमणूक. आणि सरदारांच्या घरांतून पळून आलेल्या ऋणको बायकांना त्यानं आसरा दिला. पहिल्या गोष्टीनं सुलतानाची मिळकत गेली, दुसरीनं सरदारांची इज्जत. दुसऱ्या बाबतीत बर्च बरोबर होता, असंच मी म्हणेन. मलेशियात आज बर्चविरुद्ध उठलेल्यांना स्वातंत्र्यवीर मानतात, तेही समजतं. पण रात्री होडीतून पळून आलेल्या त्या बायकांचा पुतळा कुणी उभारायचा?

१८७५ मध्ये नवा गव्हर्नर जर्व्हॉइस आला. राज्यकारभार थेट इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती द्यायचा, असा दुसरा कागद त्यानं पुढे केला. सही नसेल तर दुसरा सुलतान तयार होता. अब्दुल्लानं याही कागदावर सही केली. तोवर सरदारांच्या बैठकीत बर्चला संपवायचं ठरून गेलं होतं. २ नोव्हेंबरला पासिर सालाकला बर्चची माणसं हुकूमनामे चिकटवीत होती आणि बर्च नदीवरच्या तरंगत्या न्हाणीघरात आंघोळ करीत होता. महाराजा लेला या सरदाराच्या माणसांनी त्याला भाल्यांनी भोसकलं.

मग हिंदुस्थानातून आणि हाँगकाँगहून पलटणी आल्या. महाराजा लेला फासावर गेला तो २० जानेवारी १८७७ रोजी, पांगकोरच्या सह्यांना बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी. अब्दुल्लाची रवानगी त्याच वर्षी हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर झाली. वय पस्तीस. तिथल्या वास्तव्यात कानावर पडलेली एक चाल त्याच्या कुटुंबात रुळली, पुढे ती पेराकचं राज्यगीत झाली, असं सांगतात. त्या राज्यगीताचीच चाल १९५७ मध्ये स्वतंत्र मलायाच्या राष्ट्रगीतानं घेतली, हे मात्र पक्कं.

त्याच्यामागे ह्यू लो हा रेसिडेंट पेराकला आला. बर्चचंच काम, पण हा धिम्या हिशेबाचा. सरदारांना त्यानं राज्यसभेत बसवलं, त्यांच्या मुलखातल्या महसुलातला वाटा त्यांना परत दिला, आणि मग ऋणको ठेवण्याची चाल मोडली. सहा वर्षं घेतली. १८८३ संपता संपता ती कायद्यानं बंद झाली. लोची आधीची बाकी फेडून नवं खातं उघडण्याची ही पद्धत मला पटते, जरी तिजोरीच्या किल्ल्या अखेर साहेबाकडेच राहिल्या.

अब्दुल्ला सेशेल्सहून पुढं सिंगापूरला आला. १९२२ मध्ये त्याला पेराकला परतू दिलं. आगगाडी झाली होती, रबराचे मळे उभे होते, नदीवर नाके नव्हते. ऐंशी वर्षांचा तो म्हातारा त्याच डिसेंबरात क्वाला कांग्सारला, आपल्या नदीच्या काठी वारला. थिबाची कबर रत्नागिरीतच आहे.