मुळांच्या अबोल वैराला नाव देणारे हान्स मोलिश

निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत येथे टोमॅटोचा व्यवहार करणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. क्रेटमध्ये एखादे फळ लाल झाले, की शेजारची हिरवी फळेही लवकर रंग धरू लागतात. पिकलेल्या फळातून बाहेर पडणारा इथिलीन वायू हे त्याचे कारण. एका वनस्पतीतून निघणारे रसायन दुसरीवर परिणाम घडवते, या निसर्गव्यवहाराला शास्त्रात स्वतंत्र नाव दिले ते ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी.

मोलिश यांचा जन्म ६ डिसेंबर १८५६ रोजी ब्रून येथे झाला. आज हे शहर चेक प्रजासत्ताकात असून ब्रनो या नावाने ओळखले जाते. वडिलांचा व्यवसाय बागायतीचा. त्यामुळे रोपांशी त्यांचा परिचय पुस्तकांच्या आधीच झाला. व्हिएन्ना विद्यापीठात ज्यूलियस विझ्नर यांच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले आणि १८७९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे ग्राझ, प्राग आणि १९०९ पासून १९२८ पर्यंत व्हिएन्ना असा त्यांच्या अध्यापनाचा प्रवास झाला. शर्करा ओळखण्याची जांभळ्या कड्याची ‘मोलिश चाचणी’ आपल्याकडील विज्ञानाचे विद्यार्थी आजही करतात. ती याच मोलिश यांची.

निवृत्तीच्या वयातही त्यांची जिज्ञासा थकली नव्हती. १९२२ ते १९२५ या काळात त्यांनी जपानमधील सेंदाई येथे अध्यापन केले. १९२८-२९ मध्ये ते भारतात आले आणि कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांच्या संस्थेत काही महिने राहिले. या प्रवासावर त्यांनी १९३० मध्ये पुस्तकही लिहिले.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी सफरचंदांवर प्रयोग केले. बंदिस्त जागेत सफरचंदांशेजारी ठेवलेल्या रोपांची वाढ खुंटत असे, तर फळे मात्र लवकर पिकत. एकच वायू एकाला मारक आणि दुसऱ्याला पोषक ठरत होता. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी या परस्परप्रभावाला ‘ॲलेलोपॅथी’ हा शब्द योजला. ‘परस्पर’ आणि ‘भोगणे’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो घडला आहे. त्याच वर्षी ८ डिसेंबरला, वयाची ८१ वर्षे पूर्ण झाल्यानंतर दोनच दिवसांनी, व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले.

मोलिश यांचे प्रयोग प्रामुख्याने वायूवर होते. मुळांची कहाणी त्यांच्या पश्चात उलगडली. मुळांतील स्रावांमुळे जमीन बिघडते, ही शंका स्विस शास्त्रज्ञ द कँडोल यांनी १८३२ मध्येच मांडली होती. तिला ठोस आधार मिळाला तो आपल्या परिचयाच्या ज्वारीतून. ज्वारीच्या मूलरोमांतून तेलकट थेंबांच्या रूपाने ‘सोर्गोलिओन’ हे द्रव्य पाझरते, हे १९८६ मध्ये स्पष्ट झाले. शेजारच्या कोवळ्या तणांच्या प्रकाशसंश्लेषणात ते अडथळा आणते. मात्र हीच ज्वारी मुळांवाटे असेही संकेत सोडते, की ज्यांमुळे टारफुला या परोपजीवी तणाचे बी रुजते आणि तिच्याच मुळांवर पोसले जाते. तारक आणि मारक या दोन्ही बाजूंना मोलिश यांच्या व्याख्येत स्थान होते, ते किती योग्य होते याची साक्ष यातून पटते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. ज्वारीच्या रानात पुढचे पीक मागे पडते, तेव्हा दोष मुळांतील द्रव्याचा, की धसकटे कुजताना नत्र अडकल्याचा, हे उघड्या डोळ्यांनी कळत नाही. शेतात पाणी, अन्नद्रव्ये आणि प्रकाश यांसाठीही झाडांची स्पर्धा चालूच असते. त्यातून रसायनाचा वाटा वेगळा काढणे शास्त्रज्ञांनाही कठीण जाते. हे गणित सुटले, तर तणनाशकांवरील खर्च काही अंशी पिकाच्या मुळांवर सोपवता येईल. चुकले, तर तणाबरोबर पुढच्या हंगामाचे पीकही भरडले जाईल.

बागायतदाराच्या या मुलाचे नाव प्रयोगशाळेत घरोघरीच्या नावासारखे रुळले. त्याने अखेरच्या वर्षी दिलेल्या शब्दाची खरी परीक्षा मात्र अजून शेतातच सुरू आहे.