बार्थेलेमी तिमोनिए

बार्थेलेमी तिमोनिए यांचा जन्म १७९३ साली फ्रान्समधील ल्यों शहराजवळच्या एका गावी झाला. पुढे ते आँप्लपुई येथे शिंपीकाम करू लागले. त्या भागातील व्यापारी खेड्यातील स्त्रियांना मलमल देत आणि त्या चौकटीवर ताणलेल्या कापडावर आकडीच्या सुईने भरतकाम करून देत. सुई कापडातून खाली न्यायची, दोरा आकडीत धरून वर ओढायचा आणि आधीच्या फाशातून नवा फासा काढायचा. अशा रीतीने टाक्यांची साखळी तयार होई. कच्छचे आरीकाम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

हे काम यंत्राकडून करून घ्यावे, असा ध्यास तिमोनिए यांनी घेतला. १८३० साली ओगुस्त फेराँ यांच्यासह त्यांना पेटंट मिळाले. यंत्र मुख्यतः लाकडी होते आणि पायाने चालत असे. लवकरच पॅरिसमध्ये अशी सुमारे ८० यंत्रे सैनिकांचे गणवेश शिवू लागली. जानेवारी १८३१ मध्ये शिंप्यांच्या संतप्त जमावाने कारखान्यात शिरून ती फोडून टाकली. त्या शिंप्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे योग्य नव्हे. त्यांचे पोट हातातील सुईवरच अवलंबून होते. यंत्र घडविणारा मात्र त्यांच्यातलाच एक शिंपी होता!

तिमोनिए गावी परतले. वाटेत यंत्राचे खेळ दाखवून त्यांनी पोट भरले, असे सांगतात. तरीही त्यांनी हा नाद सोडला नाही. १८४५ साली मान्यँ यांच्या साहाय्याने सुधारलेले त्यांचे यंत्र मिनिटाला २०० टाके घालीत असे. पुढे शिवण व भरतकाम दोन्ही करणारे यंत्रही त्यांनी बनविले. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात मात्र त्यांचे यंत्र उशिरा पोहोचले. १८५७ साली आँप्लपुई येथे दारिद्र्यातच त्यांचे निधन झाले.

एका दोऱ्याची साखळी टोक सुटताच उसवते. त्यामुळे शिवणकामात दोन दोऱ्यांची अमेरिकी यंत्रे पुढे गेली. भरतकामात मात्र साखळी टाका टिकला. १८६५ साली आंत्वान बोनाज या फ्रेंच माणसाने खास भरतकामाच्या यंत्राचे पेटंट घेतले. अशा यंत्रांवर टेबलाखालची मूठ फिरवून टाका हव्या त्या दिशेस वळविता येऊ लागला आणि कापडावर वेलबुट्टी तसेच नावाची गुंफलेली आद्याक्षरे उमटू लागली.