बी. रघुनाथ : निजामाच्या कचेरीत कारकुनी केली, पण लिहिलं मराठीतच

मराठी साहित्य म्हटलं की आधी पुण्या-मुंबईची नावं निघतात. मराठवाड्याच्या वाट्याला मात्र अनेकदा 'मागास' हा शिक्काच येतो. परभणीच्या एका कारकुनाने या शिक्क्याला आपल्या पुस्तकांतून कधीच उत्तर देऊन ठेवलंय. त्यांचं नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजेच बी. रघुनाथ.

१९१३ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोना गावात त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते हैदराबादला गेले, १९३२ मध्ये मॅट्रिक झाले आणि घरच्या परिस्थितीमुळे निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकून म्हणून लागले.

तो काळ मराठीत लिहिणाऱ्यांसाठी अवघड होता. हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूत चालायचा. उस्मानिया विद्यापीठातही उर्दूतूनच शिकवलं जायचं. सत्तेच्या दारात मराठीला मान नव्हता आणि मराठी प्रकाशनाची मोठी केंद्रं संस्थानाच्या हद्दीबाहेर होती.

तरीही बी. रघुनाथ लिहीत राहिले. सुरुवातीला कवितेसाठी त्यांनी 'फुलारी' हे टोपणनाव घेतलं होतं. 'आलाप आणि विलाप' हा कवितासंग्रह १९४१ मध्ये आला. मग 'हिरवे गुलाब', 'बाबू दडके', 'उत्पात', 'म्हणे लढाई संपली' अशा कादंबऱ्या एकामागोमाग आल्या. सोबत कथा आणि ललितलेखनही सुरूच होतं.

विशेष म्हणजे उर्दूची सक्ती सोसूनही त्यांनी त्या भाषेचा राग धरला नाही. त्यांच्या कथासंग्रहांची नावंच बघा, 'साकी', 'फकिराची कांबळी'. मराठवाड्याच्या बोलण्यात मिसळलेले असे शब्द त्यांनी लपवले नाहीत, उलट थेट मुखपृष्ठावर आणले.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. पुढच्याच वर्षी त्यांची कादंबरी आली. तिचं नाव होतं, 'जगाला कळले पाहिजे'.

पण हे सगळं जगाला कळायला वेळ लागला. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत, कचेरीत काम करत असतानाच त्यांचं निधन झालं. तेव्हा त्यांनी नुकतीच चाळिशी गाठली होती. 'आडगावचे चौधरी' ही कादंबरी आणि 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा कवितासंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर आला.

आज परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. त्यांच्या नावाने साहित्य पुरस्कारही दिला जातो. परभणीकर आजही त्यांचं नाव अभिमानाने घेतात. मोठा लेखक व्हायला पुण्या-मुंबईचा पत्ता लागत नाही, हे त्यांच्याच गावच्या माणसाने दाखवून दिलंय.