हजार आवाजांचा धनी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी थोरामोठ्यांची चरित्रे येतात. जिजाऊसाहेब, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांच्यावर आपल्या भगिनींनी मागे उत्तम लिहिले आहे. यंदा अध्यक्षाबाईंनी मला लेख मागितला तेव्हा मी एका अमेरिकन गृहस्थाचे नाव सांगितले. त्याचे काम काय, असे त्यांनी विचारले. मांजर, ससा, बदक आणि चिमणी यांचे आवाज काढणे, असे मी सांगितले तेव्हा त्या जरा वेळ माझ्याकडे पाहातच राहिल्या. पण लिहा म्हणाल्या. म्हणून लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा चूकभूल भगिनींनी पदरात घ्यावी.

हा विषय का घेतला ते आधी सांगते. माझ्या सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. बाई मोठी बोलकी. साऱ्या गल्लीचा न्यायनिवाडा आमच्या ओट्यावर चालावयाचा. ती एकाएकी मुकी झाली. औषधे झाली, नांदेडचे झाले, लातूरचे झाले, व्यायाम झाले, पण शब्द काही फुटेना. दुपारी माझा धाकटा मुलगा शाळेतून येऊन आजीच्या खाटेवर बसे व दोघे कार्टून पाहात. त्यात एक काळा बोका आहे आणि पिंजऱ्यातला एक पिवळा पक्षी आहे. बोका त्याला खावयास टपलेला असतो व दर वेळी फजीत होतो. एके दिवशी मी भाकरीचे पीठ मळीत होते. बोका पिंजऱ्याकडे दबकत निघाला आणि सासूबाईंनी चांगला हात उचलून त्याला शुकशुक केले! अगदी स्पष्ट. चार महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला आवाज. माझे पिठाचे हात तसेच राहिले.

त्या रात्री मी लेकीला विचारले की ही सोंगे बोलवितो तरी कोण. ती लातूरला कॉलेजात शिकते. तिने सांगितले की बोका आणि पक्षी ही दोन्ही एकाच माणसाची बोली, आणि तो माणूस वारून पुष्कळ वर्षे झाली. मला ते खरेच वाटेना. मग ती सुटीत आली की रोज संध्याकाळी थोडे थोडे वाचून दाखवी, मी वहीत टिपून घेई. त्या वहीतून हे चरित्र तयार झाले.

मेल ब्लँक यांचा जन्म ३० मे १९०८ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. आईवडील ज्यू धर्माचे. पुढे कुटुंब पोर्टलंड गावी गेले व तेथे वडिलांचा बायकांच्या तयार कपड्यांचा व्यापार होता. मुलाला अभ्यासाची गोडी नव्हती, कान मात्र तीक्ष्ण. शेजारीपाजारी नाना देशांचे लोक राहात. कोण कसे बोलतो, कोणाचा हेल कोठे वर जातो, हे ऐकावयाचे व घरी येऊन तसेच बोलून दाखवावयाचे, हा त्याचा खेळ. शाळेच्या लांबलचक ओसरीत आवाज घुमतो हे ध्यानात आल्यावर तेथे एक विचित्र हसणे हसून पाहावयाचे व शिक्षा घ्यावयाची, हेही चाले. त्यांचे आडनाव तेव्हा इंग्रजीत कोरा या अर्थाच्या शब्दासारखे लिहीत. एका शिक्षिकेने वर्गात ऐकविले की तू तुझ्या नावासारखाच कोरा राहशील. मुलाला ते इतके लागले की सोळाव्या वर्षी त्याने नावाचे शेवटचे अक्षर बदलून टाकले. उच्चार तोच, लिहिण्यात फरक. शिकविणाऱ्याचे एक वाक्य मुलाच्या जन्माला कसे पुरते पाहा! नववीत त्यांनी शाळा सोडली. व्हायोलिन व एक मोठे पितळी वाद्य वाजविणे, वाद्यवृंद चालविणे, रंगमंचावर नकला करणे असे सुरू झाले. १९२७ साली, एकोणिसाव्या वर्षी, ते पोर्टलंडच्या रेडिओवर एका विनोदी कार्यक्रमात बोलू लागले.

१९३३ साली त्यांचे लग्न एस्टेल यांच्याशी झाले. या बाईंबद्दल फार थोडे लिहिलेले सापडते, पण मला वाटते की त्या नसत्या तर पुढचे काहीच झाले नसते. लग्न झाले त्याच वर्षी पोर्टलंडच्या एका रेडिओ केंद्रावर नवराबायकोने मिळून रोजचा कार्यक्रम सुरू केला. आठवड्याचे सहा दिवस तासभर बोलावयाचे, दोघांनी मिळून लिहावयाचे, आणि दुसरे नट घेण्यास पैसे नाहीत म्हणून म्हातारा, मूल, शेजारीण, पोलीस सारे ब्लँक यांनीच व्हावयाचे. बायकी आवाज एस्टेल काढीत. दोन वर्षे ही ओढाताण चालली. अडचणीच्या संसारात एका लुगड्याची परकर, झबले, पिशवी सारे काही होते, तसेच हे. पैसे नव्हते म्हणूनच त्या एका गळ्यातून इतके आवाज निघावयास शिकले. १९३५ साली एस्टेल यांनीच आग्रह धरला की आता लॉस एंजलिसला जाऊ, तेथे सिनेमा आहे.

तेथे लिऑन श्लेसिंगर नावाच्या गृहस्थांचा कार्टून काढण्याचा कारखाना होता व ती चित्रे वॉर्नर ब्रदर्स कंपनी सिनेमागृहांत दाखवी. ब्लँक तेथे गेले तर दारावरच्या अधिकाऱ्याने सांगितले की आमच्याकडे माणसे पुरेशी आहेत. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा तेच उत्तर. असे वर्षाहून अधिक काळ चालले. शेवटी तो अधिकारी राहिला नाही व त्याच्या जागी ट्रेग ब्राऊन नावाचे दुसरे गृहस्थ आले, त्यांनी ऐकून घेतले. पहिले काम मिळाले ते एका झिंगलेल्या बैलाचे, १९३७ साली. लगेच दुसरे मिळाले. त्या कारखान्याचे एक बोबडे, अडखळत बोलणारे डुक्कर होते. त्याला आवाज देणारे गृहस्थ खरोखरीच अडखळत बोलत, त्यामुळे एकेका वाक्याला फिल्म फार खर्ची पडे. ते काम ब्लँक यांच्याकडे आले. डुकराचा आवाज मुळात कसा असतो हे कळावे म्हणून ते डुकरांच्या वाड्यात जाऊन राहिले व परतल्यावर अंगाला असा वास होता की कोणी जवळ उभे करीना, ही हकिकत ते स्वतः सांगत. त्याच चित्रात डॅफी नावाचे खुळे बदक पहिल्यांदा आले, तेही त्यांचेच.

१९४० साली बग्स बनी हा ससा आला. तो गाजर खात खात शिकाऱ्याची टर उडवितो. हे गाजर खाणे खोटे नव्हते. मुळे, सफरचंदे, इतर भाज्या चावून पाहिल्या, पण गाजराचा कुर्रकुर्र आवाज दुसऱ्या कशाला येईना. गाजर चावावयाचे, आणि पुढचे वाक्य बोलता यावे म्हणून लगेच शेजारच्या भांड्यात थुंकावयाचे. त्यांना गाजराची बाधा होत असे अशी एक कथा पसरली आहे, ती खरी नाही.

आपल्या बोक्याचे आणि पक्ष्याचे आता सांगते. पक्षी ट्वीटी, बोका सिल्व्हेस्टर. ट्वीटी १९४२ साली आला. सिल्व्हेस्टर निराळा होता. १९४७ साली दोघांना प्रथम एकत्र आणले आणि त्या पहिल्याच चित्राला ऑस्कर पारितोषिक मिळाले. बोक्याचा आवाज ब्लँक यांच्या स्वतःच्या आवाजाच्या फार जवळचा होता. फक्त स आला की तोंडातून तुषार उडावेत असा फसफसता उच्चार. कागद भिजून जात म्हणे. पक्ष्याचा आवाज मात्र यंत्राची मदत घेऊन झाला. बोलणे संथ गतीने ध्वनिमुद्रित करावयाचे व नेहमीच्या गतीने वाजवावयाचे, म्हणजे आवाज बारीक व चपळ होतो. लहानपणी तबकडी जोरात फिरवून आपण हसत असू, तीच युक्ती. गंमत अशी की डॅफी बदकाचा उच्चारही सिल्व्हेस्टरसारखाच फसफसता. एकाचा वेग वाढविला एवढाच फरक, पण पाहाताना कोणाच्या ध्यानी येत नाही.

येथे एक गोष्ट मला नवी कळली. मी समजत होते की आधी चित्र काढतात व मग त्यावर बोलतात. उलटे आहे. आधी बोलणे ध्वनिमुद्रित होते, मग त्या बोलण्याच्या हिशेबाने तोंडाची चित्रे काढतात, सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे ब्लँक खोलीत एकटे उभे राहून, समोर ना बोका ना पक्षी, नुसत्या कागदावरून भांडण उभे करीत. एकदा बोका होऊन, मग पक्षी होऊन, स्वतःचाच पाठलाग. आपल्या माळेगावच्या जत्रेत बहुरूपी येत, त्यांना निदान रंग व कपडे तरी असत.

रेडिओवरही त्यांचे मोठे नाव झाले. जॅक बेनी नावाचे त्या देशाचे लाडके विनोदी नट होते. त्यांच्या कार्यक्रमात ब्लँक यांना अस्वलाचे गुरगुरणे एवढेच काम मिळाले. सहा महिने गुरगुरून झाल्यावर त्यांनी नम्रपणे विचारले की मला बोलताही येते, बोलू का. मग बेनींनी त्यांना पोपट दिला, व्हायोलिनचे मास्तर दिले, काय काय दिले. बेनींच्या मोडक्या मोटारीचा आवाज यंत्रावर वाजवावयाचा होता. ऐन वेळी यंत्र चालेना, तेव्हा ब्लँक यांनी माइकपाशी धावत जाऊन तोंडानेच खोकणारी, फुरफुरणारी मोटार सुरू केली. पुढे ती मोटार त्यांचीच झाली.

नावाची हकिकत भगिनींनी जरा लक्ष देऊन वाचावी. त्या काळी कार्टूनला आवाज देणाऱ्यांचे नाव पडद्यावर येत नसे. ब्लँक यांनी मालकांकडे पगारवाढ मागितली. मालक देईनात. तेव्हा त्यांनी दुसरी मागणी केली की पैसे नकोत, पडद्यावर माझे नाव लिहा. मालकांना त्यात खर्च दिसला नाही, त्यांनी मान्य केले. त्यामुळे लोकांना नाव कळले व बाहेरची कामे धो धो येऊ लागली. शहाणपणाची मागणी खरी, पण तिची दुसरी बाजूही आहे. पुष्कळ वर्षे पडद्यावर त्यांचे एकट्याचे नाव राहिले. ससा ज्याच्या तावडीतून निसटतो तो शिकारी आर्थर ब्रायन बोलत. ट्वीटीची मालकीण म्हातारी आजी आधी बी बेनाडेरेट या बाई व नंतर जून फोरे या बाई बोलत. त्यांची नावे कोणाला माहीत? आपण आजीचे बोलणे ऐकून हसतो व श्रेय एका पुरुषाला देतो. यात ब्लँक यांचा दोष मी म्हणत नाही. पण चरित्र लिहावयाचे तर हे झाकून ठेवणे बरे दिसत नाही.

तशीच एक सुतारपक्ष्याची गोष्ट. वुडी नावाच्या त्या पक्ष्याचे हसणे म्हणजे ब्लँक यांचे शाळेच्या ओसरीतले तेच हसणे, १९४० साली दिलेले. मग वॉर्नर कंपनीशी करार झाल्यामुळे त्यांनी ते काम सोडले, पण हसणे मात्र वापरात राहिले. ब्लँक कोर्टात गेले. कोर्टाचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, पुढे आपसात काही तडजोड झाली. पुढे त्या सुतारपक्ष्याला आवाज कोणी दिला असेल? मालक वॉल्टर लँट्झ यांच्या पत्नी ग्रेस यांनी! बाईचा आवाज आहे कळले तर मुलांचा हिरमोड होईल म्हणून काही वर्षे त्यांनी आपले नाव पडद्यावर येऊ दिले नाही.

पुढे दूरदर्शनचे दिवस आले. ससा, बदक घरोघरी दिसू लागले, आणि १९६० साली पाषाणयुगातल्या एका कुटुंबाची फ्लिन्टस्टोन्स ही मालिका सुरू झाली. तीत बार्नी हा शेजारी व डीनो हा पाळीव प्राणी ब्लँक यांच्याकडे होता. दूरदर्शनसाठी पैसा थोडा, म्हणून चित्रे कमी काढीत व बोलण्यावर सारे भागवीत. आवाजाची किंमत त्यामुळे वाढली.

असे सगळे ऐन बहरात असताना २४ जानेवारी १९६१ रोजी रात्री एका धोक्याच्या वळणावर समोरून येणारी मोटार त्यांच्या मोटारीवर आदळली. दोन्ही पाय व कंबरेचे हाड मोडले, डोक्यास जबर मार. एका वर्तमानपत्राने तर ते गेल्याची बातमी छापली. सुमारे दोन आठवडे शुद्ध नाही. एस्टेल व मुलगा नोएल खाटेजवळ बसून हाका मारीत. मेल या नावाला उत्तर नाही. मग एके दिवशी डॉक्टरांना काय सुचले कोण जाणे, त्यांनी रोग्याला त्याच्या नावाने हाक न मारता सशाच्या नावाने मारली व आज कसे वाटते असे विचारले. आणि मेल ब्लँक यांच्या तोंडून सशाच्या आवाजात उत्तर आले! डुकराला विचारले, तेही बोलले. तेथून ते हळूहळू परत आले. त्यांना स्वतःला यातले काही आठवत नव्हते, बायकोने व मुलाने सांगितले.

लेकीने हे वाचले तेव्हा मी तिला थांबविले व आत जाऊन सासूबाईंजवळ बसले. आम्ही त्यांना सारखे आई, आई म्हणून हाका मारीत होतो. दुसऱ्या दिवशीपासून मी त्यांना गल्लीतल्या भांडणांची नावे काढून विचारू लागले, त्यांच्या जुन्या म्हशीच्या नावाने बोलू लागले. म्हशीला त्या हो म्हणाल्या.

ब्लँक यांच्यासाठी पत्रांचे ढीग येत. काहींवर पत्ता एवढाच की बग्स बनी, हॉलिवूड, आणि ती बरोबर पोचत. ते घरी आले ते गळ्यापासून पायापर्यंत प्लास्टरमध्ये. मधल्या काही भागांत बार्नीचे काम डॉज बटलर यांनी सांभाळले. हे बटलर म्हणजे योगी अस्वलाचा आवाज, त्यांच्या जोडीला छोटे अस्वल बूबू बोलणारे डॉन मेसिक. त्यांच्यावरही कोणी भगिनीने लिहावे. नंतर ध्वनिमुद्रणाची सारी यंत्रेच ब्लँक यांच्या घरी आणली, खाटेवर माइक टांगला, इतर नट खाटेभोवती बसले व झोपल्या झोपल्या बार्नी हसू लागला.

त्यानंतर ते २८ वर्षे जगले व बहुतेक सर्व काळ काम करीत राहिले. सिगारेट मात्र लहानपणापासून ओढीत. इतका मोलाचा गळा असून हे व्यसन कसे सुटले नाही याचे नवल वाटते. सत्तरी उलटल्यावर छातीचा विकार निघाला तेव्हा सोडली. १० जुलै १९८९ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी लॉस एंजलिसच्या इस्पितळात ते वारले. बोबडे डुक्कर चित्राच्या शेवटी आता खेळ संपला असे सांगून निरोप घेत असे. ते शब्द त्यांनी आपल्या थडग्यावर कोरावयास सांगून ठेवले होते व ते तसे कोरले आहेत.

आपल्याकडे कार्टूनची स्वतंत्र वाहिनी १९९५ साली आली. लातूरला आमच्या गल्लीत तेव्हा एकाच घरी केबल होती व आम्ही पोरी खिडकीतून पाहात असू. म्हणजे मी त्या बोक्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो काढणारे जाऊन सहा वर्षे झाली होती. त्यांचे काम पुढे एका माणसाला पेलले नाही. ससा एकाकडे, बदक दुसऱ्याकडे असे ते अनेकांत वाटून दिले गेले, मुलगा नोएल यांनीही काही सांभाळले.

ते गेले तेव्हा काढलेले एक चित्र लेकीने मला दाखविले. मध्ये रिकामा माइक, त्यावर प्रकाश, आणि भोवती ससा, बदक, डुक्कर, बोका सारे माना खाली घालून उभे. एकाचेही तोंड उघडे नाही. ते मी सासूबाईंनाही दाखविले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले व बोक्यावर बोट ठेवले.