सी. व्ही. रामन यांनी जहाजावरून समुद्राचा रंग तपासला होता, आज तेच काम उपग्रह करतोय आणि त्यातून खताचं प्रदूषण पकडलं जातंय

२६ सप्टेंबर १९२१. विलायतेहून आलेलं एस. एस. नारकुंडा हे जहाज मुंबई बंदरात उभं होतं. त्यातल्या एका प्रवाशाकडे लंडनच्या ‘नेचर’साठी लिहिलेलं पत्र तयार होतं. पत्राचा विषय, समुद्राचा रंग. प्रवाशाचं नाव, चंद्रशेखर वेंकट रामन. वय अवघं ३२.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आला की रामन यांचा फोटो सगळ्यांच्या स्टेटसला दिसतो. पण या माणसाचं समुद्राशी असलेलं नातं फारसं कुणी सांगत नाही. शिरूर तालुक्यातल्या कारेगावच्या शेतात टाकलेला युरिया पुढे नदीतून समुद्रात गेला, तर तिथे काय होतं? हे आज ज्या शास्त्राने शोधलं जातं, त्याची एक वाट मुंबई बंदरातल्या त्या पत्रातून जाते.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. वडील विशाखापट्टणमच्या कॉलेजात शिकवायचे, त्यामुळे बालपण समुद्राकाठीच गेलं. वयाच्या अठराव्या वर्षी त्यांचा पहिला शोधनिबंध इंग्लंडमध्ये छापून आला. पण त्या काळात विज्ञानात पोट भरेल अशी नोकरी कुठे होती? म्हणून १९०७ मध्ये ते सरकारच्या अर्थखात्यात दाखल झाले आणि कलकत्त्याला गेले.

दिवसभर हिशेबाच्या फायली आणि संध्याकाळी बहूबाजारातल्या विज्ञान संस्थेत प्रयोग, असा त्यांचा दिनक्रम. मध्येच रंगूनला बदली झाली. मग १९१० मध्ये नागपूरला. म्हणजे रामन काही काळ आपल्या विदर्भात नोकरीला होते. वर्षभरात ते पुन्हा कलकत्त्याला परतले. १९१७ मध्ये तर त्यांनी भरपगारी सरकारी नोकरी सोडून कमी पगाराची प्राध्यापकी पत्करली. घरच्यांना तेव्हा काय वाटलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१९२१ मध्ये ऑक्सफर्डला विद्यापीठांची परिषद होती, तिथे ते कलकत्ता विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून गेले. वाटेत भूमध्य समुद्राची ती गडद निळाई पाहून ते थक्क झाले. पण आधीच्या पिढीतले मोठे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले सांगून गेले होते की समुद्राचा निळा रंग त्याचा स्वतःचा नाहीच, ते आकाशाचं प्रतिबिंब आहे. रॅले नोबेलविजेते, आकाश निळं का हे सांगणारा माणूस. त्यांच्याशी वाद कोण घालणार?

रामन यांनी घातला. त्यांच्याकडे निकोल प्रिझम नावाचं छोटंसं उपकरण होतं. ठरावीक कोनातून पाण्याकडे पाहिलं, की पृष्ठभागावरून परावर्तित होणारी चमक हे प्रिझम अडवतं. परतीच्या प्रवासात डेकवर उभं राहून त्यांनी ते डोळ्याला लावलं. आकाशाचं प्रतिबिंब गायब झालं. रॅले बरोबर असते तर निळा रंगही जायला हवा होता. झालं उलटंच, पाणी आणखी निळं दिसू लागलं!

म्हणजे पाण्याच्या आतून प्रकाश येत होता. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असं रामन यांनी मांडलं. (पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं, हेही निळाईचं मोठं कारण आहे. ते नंतर जास्त स्पष्ट झालं.) या कामातूनच पुढे २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणाम आला. के. एस. कृष्णन यांचा त्यात मोठा वाटा होता. १९३० चं नोबेल रामन यांना मिळालं आणि १९५४ मध्ये भारतरत्न. २१ नोव्हेंबर १९७० ला बंगळुरूत त्यांचं निधन झालं.

त्यानंतर आठ वर्षांनी, १९७८ मध्ये, अमेरिकेच्या निंबस-७ उपग्रहावरून समुद्राचा रंग मोजणारं पहिलं उपकरण अवकाशात गेलं. भारताने २६ मे १९९९ ला ओशनसॅट-१ सोडला, २००९ मध्ये ओशनसॅट-२ आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला ईओएस-०६. या उपग्रहांपुढची अडचण थेट रामन यांचीच आहे. त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशात बहुतांश वाटा हवेने विखुरलेल्या प्रकाशाचा असतो. म्हणजे रॅले यांनी सांगितलेला तो प्रकाश आधी गणिताने वजा करायचा. पाण्यावरची सूर्याची चमक टाळायला कॅमेरा तिरका करायचा. मग जो थोडा प्रकाश उरतो, तो पाण्याच्या आतून आलेला. इतकंच काय, स्वच्छ समुद्रात खुद्द रामन परिणामामुळे आलेला प्रकाशही हिशेबात धरावा लागतो.

आता यात खत कुठे आलं? तर नत्र आणि स्फुरद उपग्रहाला दिसत नाहीत. दिसतं ते त्यांच्यावर पोसलेलं सूक्ष्म शेवाळ. त्यातलं हरितद्रव्य निळा प्रकाश खातं आणि हिरवा फारसा खात नाही. निळ्याच्या तुलनेत हिरवा किती, यावरून पाण्यात शेवाळ किती हे काढतात. शेवाळ माजलं, मेलं, कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासा एक तर पळतो नाही तर मरतो. शेवटी फटका बसतो तो जाळं घेऊन निघालेल्या कोळ्याला. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा शेवाळाची माहिती उपग्रहावरून देते, आणि मासे कुठे मिळतील याचाही अंदाज सांगते.

कारेगावचं म्हणाल तर शिरूर तालुक्याचं पाणी घोड आणि भीमेला जातं. सह्याद्री एवढा जवळ, तरी ते अरबी समुद्रात जात नाही. उजनी, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. खताचा बराचसा भाग तर वाटेतल्या धरणांतच अडकतो आणि तिथलं पाणी हिरवं करतो. अरबी समुद्राच्या बाजूला मुंबईसारख्या शहरांच्या सांडपाण्याचा प्रश्न जास्त मोठा. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पसरणाऱ्या हिरव्या नॉक्टिलुकाला हे सांडपाणी किती जबाबदार, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

आणि किनाऱ्याजवळ उपग्रह फसतोही. खाडीच्या तोंडाशी गाळ असतो, कुजलेल्या पाल्याचा पिवळा रंग असतो, त्यात शेवाळ वेगळं काढणं अवघड. शिवाय पावसाळ्यात, म्हणजे शेतातलं खत सर्वांत जास्त वाहून येतं नेमकं तेव्हा, वर ढग असतात आणि उपग्रहाला खालचं काहीच दिसत नाही. म्हणून गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यासमोर राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ नव्वदच्या दशकापासून होडीने जाऊन पाण्याचे नमुने घेत आलेत. पाणी बाटलीत भरून आणायचं आणि त्यातला प्राणवायू, नत्र आणि स्फुरद प्रयोगशाळेत मोजायचे.