टेरी फॉक्स : एका पायावर ५,३७३ किलोमीटर

कॅन्सर संशोधनाच्या निधीसाठी लांबच्या सायकल फेरीत उतरायचं तुमच्या मनात असेल, तर आधी टेरी फॉक्सबद्दल वाचा. तो सायकलवर नव्हता, धावत निघाला होता. समर्थ रामदासांच्या जन्मगावी, जांब समर्थला, पायी देश पालथा घालणाऱ्याचं नवल कुणाला सांगायला नको. टेरीने मात्र कॅनडा ओलांडायला घेतला तो एक पाय गमावल्यावर.

त्याचा जन्म १९५८ चा. १९७६ च्या अखेरीस उजवा गुडघा दुखू लागला. नुकताच मोटारीचा अपघात झाला होता, म्हणून त्याने तो मारच धरला आणि बास्केटबॉलचा मोसम संपेपर्यंत दुखणं अंगावर काढलं. आपल्याकडेही मुलाचा गुडघा दुखला की खेळताना लागलं असेल म्हणून तेल चोळतात. माराने हाडाचा कॅन्सर होत नाही. पण वाढत्या वयात एकाच जागी दुखणं आठवडेच्या आठवडे टिकलं, रात्रीही जागं करू लागलं किंवा सूज आली, तर एक्स-रे काढून घ्या.

मार्च १९७७ मध्ये निदान झालं : ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. (आज बऱ्याच रुग्णांचा पाय वाचवता येतो.) जगण्याची शक्यता ५० टक्के आहे, दोनच वर्षांपूर्वी ती १५ टक्के होती, असं त्याला सांगण्यात आलं. हा फरक संशोधनाने पडला होता, आणि ते त्याच्या मनात पक्कं बसलं. केमोथेरपीच्या १६ महिन्यांत वॉर्डातली इतरांची दुखणी त्याने जवळून पाहिली.

वर्षाहून जास्त सराव करून १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायावर निघाला. रोज सुमारे ४२ किलोमीटर. कापलेल्या पायाला जखमा व्हायच्या, तरी तो तपासणीला जायचं टाळायचा. त्याच्या धैर्यापुढे मीही नमतो, पण एवढं मात्र त्याचं घेऊ नका. १४३ व्या दिवशी खोकला आणि छातीतल्या दुखण्याने त्याला थांबवलं. कॅन्सर फुफ्फुसांत पोचला होता. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २.४ कोटी डॉलरवर गेला, कॅनडातल्या माणशी एक डॉलर. २८ जून १९८१ ला, तेविसावं वर्ष पुरं होण्याआधीच, तो गेला.

तुमचे उपचार झालेले असतील, तर फेरीत नाव देण्याआधी तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना भेटा. हिमोग्लोबिन तपासा. काही केमो औषधं हृदयाचे स्नायू कमजोर करतात, तेव्हा टू-डी इको लागेल का, तेही विचारा.